एका भाकरीत चाक

आमच्या घरात वेळ भाकरीवर मोजली जायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्या काचेवर रबराची काळी भुकटी इतकी बसलेली असायची की काटे दिसायचे नाहीत, आणि पुसलं तरी दुपारपर्यंत पुन्हा तेच. सांगलीत मिरज रस्त्याला पुढे पत्र्याचं दुकान, मागे दोन खोल्या, आणि मधे पत्र्याचाच एक पडदा. पडद्याच्या अलीकडे आमचा रिमोल्डचा साचा वाफ सोडत सुस्कारायचा, पलीकडे अव्वाची चूल. गुळगुळीत झालेला टायर खरवडायचा, त्याला सोल्युशन लावायचं, वर कच्च्या रबराची पट्टी गुंडाळायची आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. नवी नक्षी घेऊन टायर बाहेर येतो. अव्वा म्हणायची, "तुमचं पण सैपाकच हाय की." आईला आम्ही अव्वाच म्हणायचो, कारण तिचं माहेर जत तालुक्याच्या पार टोकाला, जिथे अर्धं बोलणं कानडीत चालतं. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, थंडीत हुलग्यांचं माडगं. त्या माडग्याच्या वासात जळक्या रबराचा वास मिसळलेला असायचा. आज कोणी मला निव्वळ माडगं वाढलं तर त्यात काहीतरी कमी आहे असं वाटतं.

आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, घरी तिकडच्याच माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ते एकटेच काठी टाकून सांगलीला आले, पंक्चर काढायला शिकले, आणि बऱ्याच वर्षांनी तो जुना साचा घेतला. साच्यावर बसायचा खरा हक्क माझ्या थोरल्या भावाचा, बाळूदादाचा. पण त्याला एका जागी बसवायचं नाही. त्याला मोटारसायकल हवी, ती कोणाचीही असो. मग साच्यावर मी बसले. दहावीनंतर शिक्षण थांबलं तेही त्यामुळेच, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. रबराच्या पट्ट्या विकायला एजंट यायचा, त्याच्याशी घासाघीस मीच करायची. माल चांगला आहे म्हणाला की मी पट्टीत अंगठ्याचं नख रोवायची. नख लगेच आत गेलं तर मऊ, रस्त्यावर महिनाभरात झिजणार. नख मागे ढकललं गेलं तर कडक, टिकणार पण ओल्यात घसरणार. एजंट आप्पांना म्हणायचा, "आप्पा, तुमीच बोला, ह्या पोरीचं नख लय वाईट हाय." माझं तोंडही तसंच होतं. आजही आहे, त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

मग ते वडाप जीपचं झालं. जत-सांगली वडाप, म्हणजे सीटवर माणसं नेणारी जीप, चालवणाऱ्या एकाच्या गाडीचा मागचा टायर, आमच्याकडे रिमोल्ड केलेला, उन्हाळ्यात भर रस्त्यात सोलला गेला. कोणाला इजा झाली नाही. जीपमध्ये माणसं किती भरली होती ते त्याने सांगितलं नाही, पण टायर कोणाचा ते प्रत्येक थांब्यावर सांगितलं. चार महिन्यांत साचा थंड पडू लागला. आठवड्यातून दोनदा वाफ, मग एकदा. शेवटी आप्पांनी खंडाळ्याच्या एका जुन्या टायरवाल्या शेठजींना निरोप पाठवला की साचा घेऊन जा. शेठजी म्हणाले, पुढच्या सोमवारी टेम्पो घेऊन येतो. आप्पा जेवताना एवढंच म्हणाले, "पंक्चरवर पोट भरलंय आधी, पुन्हा भरंल." अव्वाने माझ्याकडे बघितलं. साचा गेला की मी त्या घरात कोण? चुलीपुढची दुसरी बाई. मला स्थळं येत होतीच, त्यांना 'मुलगी काय करते' याचं उत्तर देताना आप्पा साच्याचं नाव घ्यायचे नाहीत, पण मला ते नाव घ्यायचं होतं.

त्याच सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, जतकडच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत होती. साताऱ्याचा दिनू मिस्त्री शर्यतीची गाडी बाळगून होता. शंभर सीसीची, दोन स्ट्रोकची, आवाज असा की कुत्री गल्ली सोडून जायची. बाळूदादा त्याच्या गाडीवर बसायचा. दिनू मिस्त्री हुशार माणूस, हे मी आजही मान्य करते. कान लावून इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण त्याच्या लेखी टायर म्हणजे गाडीच्या खाली असतो तो. शर्यत दोन तासांची होती, जो जास्त फेऱ्या मारेल तो पहिला. एवढ्या वेळात मागचं चाक एकदा तरी बदलावं लागणार. नवे शर्यतीचे टायर मिस्त्रीला परवडत नव्हते म्हणून तो आमच्याकडे आला, आणि मी लगेच सौदा केला: टायर आम्ही फुकट बनवून देतो, पण गाडीवर दोन्ही बाजूंना दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि चाक बदलायला मी. तो हसला. "तू? आवं आप्पा, ही चाक बदलणार म्हनं." मी म्हटलं, "मग टायर दुसरीकडं बघा." त्याने बघितलं नाही.

सरावाला अंगणात गाडी उभी केली. सुटी चाकं हब आणि चेनच्या चक्रीसकट तयार होती, म्हणजे टायर उतरवायचा नाही, पूर्ण चाकच बदलायचं. नट सोडायचा, एक्सल ओढायचा, चेन उतरवायची, ब्रेकचा दांडा काढायचा, जुनं चाक बाहेर, नवं आत, मधलं बुश, म्हणजे एक्सलवरचं छोटं कडं, जागच्या जागी, आणि सगळं उलट्या क्रमाने पुन्हा. अव्वा दारातून ओरडायची, "टाकली!" म्हणजे भाकरी तव्यावर पडली. भाकरी उलटून, निखाऱ्यावर फुगून टोपल्यात यायच्या आत चाक बसलं पाहिजे. पहिल्या दिवशी तीन भाकऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी दीड. शनिवारी मी शेवटचा नट आवळला आणि आतून अव्वाचा आवाज आला, "अजून फुगतीय!" त्या दिवशी आम्ही भाकऱ्या मोजून नाही, मनात येतील तेवढ्या खाल्ल्या.

आता रविवारी संध्याकाळी मी टीव्हीवर परदेशातल्या गाड्यांच्या शर्यती बघते. वीस माणसं तुटून पडतात आणि चार चाकं अडीच सेकंदांत बदलतात. सून म्हणते, आई, तुम्हाला यात काय कळतं? मला त्यांच्या गाड्यांतलं काही कळत नाही. पण कुठला टायर कधी घालायचा यावरून भिंतीशी बसलेली ती माणसं एकमेकांशी वाद घालतात ना, तो वाद मी ओळखते. तो मी घातलेला आहे.

वाद असा होता. मी दोन प्रकारची चाकं केली होती. दोन मऊ रबराची, उंच आणि विरळ गोट्यांची, म्हणजे टायरवरच्या उंचवट्यांची, ओल्या मातीत पकडणारी. एक कडक, ट्रकच्या पट्टीतून केलेलं, गोट्या ठेंगण्या आणि दाट. सुरुवात मऊवर करायची हे दोघांनाही पटलं होतं. मिस्त्रीचं म्हणणं, मधे बदलतानाही नवं मऊच घालायचं, सगळे तेच करतात. माझं म्हणणं, ओल असेल तरच. कोरड्या मुरमावर मऊ गोट्या अर्धा तासही टिकायच्या नाहीत. मिस्त्री म्हणाला, "शर्यतवाले शेवटपर्यंत पाणी मारणार हायत. धूळ उडाली तर लोकांना दिसायचं काय?"

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मला त्याचं म्हणणं खरं वाटू लागलं होतं. फेरीचा अर्धा भाग मुरमाड माळावर, अर्धा आटलेल्या तलावाच्या काळ्या मातीत. लाऊडस्पीकरवर सांगत होते, दर वीस मिनिटांनी पिवळा झेंडा, गाड्या रांगेत हळू चालतील, टँकर पाणी मारत एक फेरी घेईल. पुण्याहून दोन संघ आले होते, त्यांच्या टायरवरचे कागदसुद्धा अजून निघाले नव्हते. आप्पा त्या नव्या टायरचा ढीग बघत उभे राहिले.

अव्वा मात्र टायरकडे बघतच नव्हती. ती लांबच्या विहिरीकडे बघत होती. तिथे जाड पाइपातून पांढरी धार टाकीत पडत होती आणि सात-आठ बायका धुणं आपटत होत्या, घाईघाईने, कडेवरची पोरंही खाली बसवून. अव्वा म्हणाली, "मंगल, ह्या येवढ्या घाईत का हायत, इचारून ये." मी गेले. टँकरवाला मल्लाप्पा तिथेच टाकी भरायची वाट बघत विडी ओढत होता. त्याला मी विचारलं, आज पाणी कधीपर्यंत? तो म्हणाला, "हा आठवडा सकाळपाळी हाय, अक्का. एक वाजला की करंट इल्ला." एकला वीज जाते. मग मोटर बंद, विहीर बंद, टँकर बंद. "आनि टाकीतलं?" "ते गावाला प्यायला. त्यातलं थेंब काढलं तर ह्या बायका मला हितंच बुडवतील." एक बाई धुणं आपटताना मान वर न करता म्हणाली, "व्हय, बुडवू."

शर्यत बारा ते दोन. म्हणजे शेवटचा तासभर पाणी नाही, आणि हे शर्यतवाल्यांना माहीत नव्हतं. शहरात वीज जाते ती कधीही जाते, कधीही येते. शेतीच्या विजेला पाळी असते आणि अख्खं गाव त्या पाळीवर उठतं-बसतं, हे त्यांना कोणी सांगायचं? त्यांनी टँकर ठरवला, पैसे दिले, विषय संपला. मी धावत येऊन मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "शर्यतवाल्यांनी मला स्वतः सांगितलंय, पानी शेवटपर्यंत." मी म्हटलं, "आणि लाईटवाल्यांनी?" तो म्हणाला, "पोरी, तू टायर शिजव. डाव मला कळतो." आप्पांनीही त्याचंच ऐकलं. ज्या माणसाने तिथल्याच विहिरींवर मेंढरं पाजली तो माणूस वीस वर्षांत विजेची पाळी विसरला होता.

शर्यत सुरू झाली. पहिला तास बाळूदादा पाचवा-सहावा होता. ओल्या काळ्या मातीतून गाडी बाहेर पडायची तेव्हा टायरला चिखलाचे लोळे चिकटलेले, मुरमावर आली की ते सुटून मागच्याच्या छातीवर. एकच्या सुमाराला पिवळा झेंडा वर गेला. टँकर फेरीला निघाला, गाड्या हळू झाल्या. चाक बदलायला याहून चांगली वेळ नाही, कारण बाकीचेही सावकाश चाललेले असतात, नुकसान निम्म्याने कमी. एकामागून एक सगळे आत आले. पुणेवाल्यांनी नवी मऊ चाकं काढली. बाळूदादाही आत आला. मिस्त्री नव्या मऊ चाकाकडे वळला आणि मी त्या चाकावर बसले.

"ऊठ."

"न्हाई."

"आप्पा, हिला उठवा! येळ जातोय!"

बाळूदादा हेल्मेटमधून काहीतरी ओरडत होता, ते मला समजलं नाही, शिवी असावी. मी म्हटलं, "कडक घाला, न्हाईतर तुमचं तुमी बघा. मी ह्या चाकाला हात लावू देणार न्हाई." मिस्त्रीने माझा दंड धरला. मी हातातला पाना उगारला. हे सांगायला मला आज लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नाही. लोक बघायला लागले. आणि आप्पा? आप्पा आमच्याकडे बघतच नव्हते. ते माळापलीकडे विहिरीकडे बघत होते. मीही बघितलं. ती पांढरी धार बारीक झाली, मधे तुटली, दोनदा उचकी दिल्यासारखी आली आणि थांबली. बायका पिळे डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

आप्पा म्हणाले, "कडक घाल."

दोनच शब्द. मी उठले आणि हात चालू लागले. नट, एक्सल, चेन. जुनं चाक बाहेर. मागून अव्वा सवयीने "टाकली!" म्हणून ओरडली, तव्याशिवायच. आणि मग माझ्या हातून बुश निसटलं. अंगठीएवढं, पण जाड. पडलं ते नेमकं टँकरने केलेल्या चिखलात. ते शोधायला, पदराला पुसायला आणि पुन्हा बसवायला अख्खी भाकरी गेली. भांडणात गेली ती वेगळीच. बाळूदादा बाहेर पडला तेव्हा टँकरची फेरी संपून झेंडा खाली गेला होता आणि आम्ही अकरावे होतो.

पहिली दहा मिनिटं मिस्त्री माझ्याकडे पाठ करून फेऱ्या मोजत होता. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. ओल्यात ते कडक चाक साबणावर ठेवल्यासारखं घसरत होतं आणि बाळूदादा प्रत्येक वळणावर पाय टेकत होता. वीस मिनिटं झाली. लाऊडस्पीकर म्हणाला, टँकर येत आहे. टँकर आला नाही. पुन्हा म्हणाला, टँकरचालकाने ताबडतोब यावे. मल्लाप्पा विहिरीजवळ बाभळीखाली आडवा झाला होता. मग धूळ उठायला लागली, आधी वळणावर, मग सगळीकडे, आणि त्या धुळीतून पुण्याची गाडी शेपूट हलवत आली. मुरमाने मऊ गोट्या खाऊन टाकल्या होत्या. ती आत आली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. कोणाकडे चाक होतं, कोणाकडे नव्हतं. बाळूदादा आता पाय टेकत नव्हता. आठवा. सहावा. चौथा. अव्वा माझ्या पाठीवर गुद्दे घालत मोजत होती, तेही कानडीत. दोन वाजले तेव्हा आम्ही दुसरे होतो. पहिला पुण्याचा, पाऊण फेरीने पुढे.

पाऊण फेरी म्हणजे साधारण एक भाकर. हा हिशेब मी आयुष्यभर करत आले आहे. बुश पडलं नसतं तर. आणि भांडण झालं नसतं तर, हे मात्र कोणी धरत नाही.

गाडी थांबली तशी माणसं मागच्या चाकाभोवती जमली. बाकीच्यांचे टायर केळीच्या सालीसारखे गुळगुळीत, आणि आमच्या टायरच्या गोट्या जागच्या जागी. त्या गर्दीत तो वडापवाला होता. तो उकिडवा बसला, गोटीच्या मुळाशी अंगठा रोवून बघितला, मग दुसरीकडे रोवला. "हे रिमोल्ड हाय?" मी म्हटलं, "व्हय. आनि तुमच्या जीपात नऊच मानसं बसवली तर तेबी असंच टिकतंय." लोक हसले. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "बुधवारी चार घेऊन येतो."

आणि शेजारीच दिनू मिस्त्री कोणाला तरी सांगत होता, "कडक चाकाचा डाव टाकला म्हणून दुसरे आलो. पयलेच येणार व्हतो, पण पोरीच्या हातनं बुश पडलं." मी ऐकलं. आप्पांनीही ऐकलं. आप्पा पाने गोळा करायला लागले. जिंकलो ते मिस्त्रीमुळे, हरलो ते माझ्यामुळे. पेपरात फोटो आला त्यात बाळूदादा, मिस्त्री, कप, आणि कडेला फोटोच्या चौकटीत कापला गेलेला एक हात, पाना धरलेला. तो हात माझा. आप्पांनी तो फोटो फ्रेम करून दुकानात लावला. घरी मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे जेवले, पण आप्पांकडे पाठ करून. अव्वा म्हणाली, "गिऱ्हाइकाला पोरीचं नाव सांगितलं असतं तर टायर घेतलं असतं का कुनी?" असेल तसंही. पण आप्पांनी घरात तरी म्हणायचं होतं.

सोमवारी खंडाळ्याचे शेठजी टेम्पो घेऊन आले. साच्याभोवती फिरले, ठोकून बघितलं, मग आप्पांपुढे खुर्ची ओढून बसले. "बोला आप्पा, शेवटचा आकडा." आप्पा पंक्चरचं ठिगळ घासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मशीनचं मंगलशी बोला. ती चालवती, तिलाच म्हाईत." शेठजींनी माझ्याकडे बघितलं, मी हात पुसले. दोन तास लागले. चहा तीनदा झाला. शेठजी दोनदा चिडून टेम्पोत जाऊन बसले आणि दोनदा परत आले. संध्याकाळी टेम्पो रिकामाच गेला आणि पुढच्या आठवड्यात भरून आला. त्यांच्याकडे जीपच्या मापाचा आणखी एक साचा गंजत पडला होता, तो मी घेतला, हप्त्यावर. आज मिरज रस्त्यावर आणि साताऱ्यात मिळून माझी तीन दुकानं आहेत. सगळ्याची सुरुवात त्या साच्यापासून. आप्पा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी माझ्याबद्दल चांगलं म्हणून जे काही सांगितलं ते एवढंच, 'मंगलशी बोला'. मी ते पुष्कळ वापरलं.

तो फोटो आता साताऱ्याच्या दुकानात आहे. मुलगा म्हणतो, काढूया, जुना झाला. मी म्हणते, माझा हात आहे तिथे, राहू दे.

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या दुकानात एक म्हातारा काठी टेकत आला, बरोबर वीसेक वर्षांची मुलगी, गुडघ्याला पट्टी, हातात हेल्मेट. मी दिनू मिस्त्रीला चालण्यावरून ओळखलं नाही, बोलण्यावरून ओळखलं. खुर्ची दिली. तो फोटोकडे न बघता बसला. म्हणाला, "नात हाय. शर्यती खेळती. त्याच माळावर हाय पुढच्या रविवारी, दोन तासांची." मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, टायर पाहिजेत. मी भाव सांगितला. त्याने कमी करायला सांगितलं, मी केला नाही. मग तो काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवू लागला.

"पानी कवा बंद व्हतंय तिकडं?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. नात आजोबाकडे बघायला लागली. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी म्हटलं, "शर्यतवाल्यांनी सांगितलं असंल की, शेवटपर्यंत."

तेव्हा त्याने मान वर केली आणि त्या फोटोकडे पाहिलं, हाताकडे, चांगलं सावकाश. "त्यांना काय कळतंय," तो म्हणाला. "तुला इचारतोय मी, मंगल."

तेवढं ऐकायला मी थांबले होते असं म्हटलं तर खोटं होणार नाही. मी फोन काढून जतला मामाच्या मुलाला लावला. त्याने सांगितलं, आता विहिरीवर सौर पंप आहे. पाळी-बिळी काही नाही, ऊन आहे तोवर पाणी, ढग आला की बंद. मी मिस्त्रीला सांगितलं. तो गोंधळला. ढगाचं वेळापत्रक कोणाकडे असतं?

"मग आता वो?" नातीने मला विचारलं. "मऊ घालायचं का कडक?"

मी तिला साच्याजवळ नेलं, दोन पट्ट्या पुढे ठेवल्या आणि म्हटलं, नख रोवून बघ. तिने रोवलं. नख चांगलं होतं पोरीचं. मी म्हटलं, "दोन्ही करते. रविवारी मी येते तिकडं, वर बघत बसते. मी सांगीन तवा आत यायचं, आनि मधे कुनी बोलायचं न्हाई." मिस्त्री काठीवर भार देत उठला. दारापाशी जाऊन म्हणाला, "बोलत न्हाई." आणि मग, बाहेर पडता पडता, "बुश तेवढं संबाळ."

भाव मी तरीही कमी केला नाही.